फळ्यावरची तिथी

एका चातुर्मासात मी एक नेम धरला होता. कांदा-लसूण सोडणं, एकवेळ जेवणं हे दरवर्षीचंच. त्या वर्षी ठरवलं, की दिवसभरात ज्याच्या हातून आपल्याला काही मिळालं, त्याचं नाव विचारल्यावाचून रात्री पानावर बसायचं नाही. नेम सोपा वाटला होता, पण विचारायची राहून गेलेली नावं फार निघाली. त्या नेमाच्या उद्यापनाला मी ही कथा सांगितली होती, तीच आज सांगते.

एकदा एका नदीकाठच्या गावात एक पाठशाळा होती. ती ज्यांनी उभी केली ते थोरले गुरुजी आता वृद्ध झाले होते. ते ओसरीवर बसून असत आणि वर्ग त्यांचे शिष्य चालवीत. अगदी लहान मुलांचा पहिला वर्ग धाकट्या गुरुजींकडे होता आणि त्यांच्या हाताखाली एक मदतनीस बाई होती. माठ भरून ठेवणं, पाट्या पुसायला ओली फडकी देणं, रडणाऱ्याला कडेवर घेणं, मागे पडेल त्याच्याजवळ बसून त्याचं बोट धरून अक्षर गिरवून घेणं ही तिची कामं. लहानपणी ती थोरल्या गुरुजींपाशीच चार इयत्ता शिकली होती. मुलं तिला ‘मदतनीसबाई’ म्हणत. तिचं दुसरं नाव काय, हे कुणी विचारलं नव्हतं.

दिवाळी होऊन पाठशाळा उघडली आणि त्याच दिवशी राजाज्ञा आली. राज्याची शिरगणती करायची आहे, प्रत्येक पाठशाळेने एक शिक्षक पाठवावा.

“माणसं मोजायची म्हटलं, की राजाला पहिली आठवण शिक्षकाचीच होते,” थोरले गुरुजी हसून म्हणाले. “दुसऱ्या कुणाला एवढी मुलं रोज मोजायची सवय आहे?”

धाकट्या गुरुजींनी नुकतीच फळ्याच्या माथ्यावर तिथी लिहिली होती, ‘कार्तिक शुद्ध सप्तमी’, आणि तिच्याखाली सुविचार, ‘नेहमी खरे बोलावे’. हातातला खडू तसाच बाईच्या हाती देत ते म्हणाले, “आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे बाई. वर्ग सांभाळा.” आणि ते गेले.

बाईने वर्ग सांभाळला. गुरुजींच्या खुर्चीवर त्यांचं मागे राहिलेलं उपरणं घडी करून ठेवलं आणि स्वतः मुलांबरोबर बस्करावर बसली. चिंचोके मांडून बेरीज शिकवली. काना शिकवला, वेलांटी शिकवली, मात्रा शिकवली. लिहायचं ते फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात. संध्याकाळी फळा पुसताना तिचा हात एका रेषेवर येऊन थांबे. वरची तिथी आणि सुविचार हे गुरुजींचं अक्षर, गुरुजींची जागा. ते आपण कसं पुसायचं? रोज सकाळी ती मुलांकडून आधी त्या दोन ओळी म्हणून घेई, मग आपल्या कामाला लागे. ज्याचा मान त्याला द्यावा, असं तिला घरून वळण होतं.

पाणवठ्यावर बायका चिडवत, “काय गं, गुरुजीणबाई झालीस म्हणे?”

“गुरुजीण कसली,” ती घागर विसळत म्हणे. “राखण करते झालं. मालक आले की किल्ल्या देऊन मोकळी.”

आठ-पंधरा दिवसांचा मार्गशीर्ष झाला, मार्गशीर्षाचा पौष झाला. राज्यात माणसं फार होती.

गावातल्या एका व्यापाऱ्याची नात, वेणू, त्या वर्गात होती. पाठशाळेचं छप्पर त्या शेठजींनीच घालून दिलं होतं. वर्गाला शिक्षक नाही, मदतनीस शिकवते, हे त्यांच्या कानावर आलं आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी ते स्वतः पाठशाळेत आले. थोरले गुरुजी काठी टेकत त्यांच्याबरोबर वर्गाच्या दारात उभे राहिले.

“मुलांनो,” शेठजी म्हणाले, “आज तिथी कोणती?”

सगळा वर्ग एका सुरात गरजला, “कार्तिक शुद्ध सप्तमी!”

शेठजी आधी खो खो हसले. मग त्यांनी फळ्याकडे पाहिलं. “वा! गावाला उद्याच्या तिळगुळाची घाई आणि इथे अजून दिवाळीचा फराळच चाललाय. आणि खाली काय, तर नेहमी खरे बोलावे.” ते थोरल्या गुरुजींकडे वळले. “गुरुजी, बाईंना मी दोष देत नाही. ज्याचं काम त्याने करावं. धाकटे गुरुजी येईपर्यंत ही मुलं दुसरीच्या वर्गात मागे बसवा. कानावर तरी काही पडेल.”

दुसरीत मागे बसवायचं म्हणजे काय, हे बाईला ठाऊक होतं. तिथे मोठी मुलं धडाधड पाढे म्हणतात. ही चिमणी त्यांच्या पाठी बघत बसणार, आज थोडी जुळत आलेली अक्षरं हळूहळू निसटणार आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. बोलावं असं तिला वाटलं, पण तिथी तर चुकलीच होती. ती मान खाली घालून उभी राहिली.

थोरले गुरुजी सावकाश फळ्यापाशी गेले, खांद्यावरचं स्वच्छ उपरणं काढलं आणि त्याने फळ्याचा माथा पुसून टाकला. तिथी गेली. सुविचार गेला. दोन महिने जिवापाड जपलेलं धाकट्या गुरुजींचं अक्षर पांढरी भुकटी होऊन खाली पडलं.

बाईच्या डोळ्यांत पाणी तरळलं. तिला वाटलं, संपलं. आपल्याला काढलं.

थोरल्या गुरुजींनी खडू तिच्यापुढे धरला. “लिही.”

“गुरुजी, ती जागा त्यांची आहे,” ती कशीबशी म्हणाली.

“मुली, आई माहेरी गेली, तर मावशी लेकराला काय वाढते?”

“भाकरी.”

“कुठली? आईने जाताना थापून ठेवलेली? आईचा मान राहावा म्हणून ती महिनाभर शिळीच वाढते?”

मागून वेणू कुजबुजली, “शिळी भाकरी कडक होते.” दोघी-तिघी फिसकन हसल्या.

गुरुजीही हसले, आणि मग शांतपणे म्हणाले, “त्यांच्या खुर्चीचा मान तू राखलास, ते चांगलंच केलंस. पण खुर्ची थांबते, मूल थांबत नाही. ते रोज एक दिवसाने मोठं होतं. जो त्याच्यासमोर उभा असतो, त्या दिवसापुरता तोच त्याचा गुरू. दुसऱ्याच्या वतीने उभं राहिलेल्याने अर्ध्या फळ्यावर शिकवायचं नसतं. ज्ञान तू मुलांना ताजंच वाढलंस, फक्त त्यावर आजचा दिवस घालायला भ्यालीस. लिही.”

बाईने खडू घेतला. टाचा उंच करून तिने माथ्यावर लिहिलं, ‘पौष शुद्ध दशमी’. आता सुविचार. मोठं, शहाणपणाचं असं तिला काहीच आठवेना. नजर दाराशी ठेवलेल्या माठाकडे गेली आणि तिने लिहून टाकलं, ‘माठ भरला. पाणी गार आहे.’

शेठजींच्या भुवया वर गेल्या. हा कुठला सुविचार?

मुलं मात्र डोळे बारीक करून फळ्याकडे पाहू लागली. ह्या ओळी कुणालाच पाठ नव्हत्या. एकसुरात म्हणता येईनात. मुलांची बोटं हवेत फिरू लागली, ओठ हलू लागले. “मा… माठ,” कुणीतरी म्हणालं. “भ… र… ला,” दुसऱ्याने पुढे ओढलं. कुणी मात्रेपाशी अडलं, शेजारच्याने त्याला कोपराने ढोसलं. एकेक आवाज चाचपडत पुढे सरकत होता, आणि बाई हातातला खडू घट्ट धरून ऐकत होती. इतके दिवस पाठ केलेल्या ओळींच्या गजरात तिलाही कळलं नव्हतं, की ही मुलं वाचू लागली आहेत.

वेणूने शेवटची ओळ पुरी केली. क्षणभर विचार केला आणि उठून उभी राहिली.

“बाई, मग मी पिऊ का?”

“काय?” शेठजींनी विचारलं.

“पाणी. गार आहे ना? तिथे लिहिलंय.” आजोबांना एवढंही कसं कळत नाही, अशा नजरेने तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि माठाकडे निघाली.

दुसरीच्या वर्गाचा विषय शेठजींनी पुन्हा काढला नाही. जाताना दारात थबकले.

“बाई, आमची नात घरी सारखं म्हणते, बाईंनी असं सांगितलं, बाईंनी तसं सांगितलं. तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं.”

“सगुणा,” ती म्हणाली. ते सांगताना तिची मान ताठ होती.

फाल्गुन लागता लागता धाकटे गुरुजी परत आले, उन्हाने रापलेले, माणसं मोजून थकलेले. सगुणाने खुर्चीवरचं उपरणं झटकून त्यांच्या हाती दिलं. ते फळ्याशी गेले, खडू उचलला आणि पाहिलं, तर माथ्यावर त्या दिवसाची तिथी अगोदरच लिहिलेली होती, सगुणाच्या अक्षरात. त्यांनी ती पुसली नाही. तिच्याखालीच त्यांनी शिकवायला सुरुवात केली.

कथा इथे पुरी होते, आता एक मागणं. तुमच्याही घरातलं लेकरू कुणा ना कुणा मदतनीस बाईच्या हाताखाली दोन अक्षरं शिकत असेल, मूळचे गुरुजी दुसऱ्या कामगिरीवर गेलेले असतील. उद्या त्याला शाळेत पोचवायला जाल, तेव्हा दारात घटकाभर थांबा आणि त्या बाईंना त्यांचं नाव विचारा. घरी येऊन ते लेकराला सांगा, आणि मगच पानावर बसा.