ओल्या शाईचं पाणी

सोनवळीच्या राज्यात मळे फार आणि पाटाला पाणी कमी. म्हणून राजा रोज आकड्यांचं एक कोडं घाली. जो आधी सोडवेल त्याच्या मळ्याला पाणी, आणि त्याच्या उत्तरातूनच उद्याचं कोडं निघे.

येसू माळीण उत्तर घेऊन धापा टाकत दरबारात आली, की नेमके तेव्हाच सरदार रायाजीराव पगडीतून आपला कागद काढत. बरोबरी झाली की मान मोठ्याचा, म्हणून पाणी सरदारांना. येसूची मिरची करपायला लागली.

पाचव्या दिवशी ती म्हणाली, "महाराज, दोन्ही कागदांवर जरा बोट फिरवा."

येसूच्या शाईने राजाचं बोट काळं झालं. सरदारांचा कागद खडखडीत कोरडा.

"मी सकाळीच सोडवलं होतं!" सरदारांनी मिशीला पीळ दिला.

"मग दडवलंत का? आम्ही आजच्या कोड्यावर घाम गाळत बसलो आणि तुम्ही त्याच उत्तरातून निघणाऱ्या उद्याच्या कोड्याला लागलात. महाराज, बरोबरी झाली तर ओल्या शाईला पाणी द्या. मग उत्तर दाबून ठेवण्यात कुणालाच गोडी राहणार नाही."

"मी उद्याच्या कोड्याला लागलो, याला पुरावा काय?" सरदार गरजले.

"पगडी," येसू शांतपणे म्हणाली.

राजाने पगडी झटकायला लावली. उद्याच्या कोड्याचं उत्तर खाली पडलं. तेही कधीच वाळलेलं.