घोरणाऱ्या पायांचा राजा

एक होता भानुराजा. त्याला एक लेक होती, वेणू. वेणू सात वर्षांची होती आणि भारी दचकायची. झाकण पडलं की दचकायची, कबुतर उडालं की दचकायची, स्वतःलाच शिंक आली तरी दचकायची. आणि दचकली की धावत जाऊन बाबांचं बोट धरायची. भानुराजाचं बोट चांगलं जाडजूड होतं. ते धरलं की वेणूच्या छातीतली धडधड थांबायची.

वेणूची आई, म्हणजे राणी, वर्षापूर्वी देवाघरी गेली होती. राणी साखरभात फार सुंदर करायची, बरं का. केशराचा, लवंगा घातलेला, बेदाणे टच्च फुगलेले. राणी गेली आणि राजानं दुसऱ्या कशालाही तोंड लावणं सोडलं. सकाळी साखरभात, दुपारी साखरभात, दिवेलागणीला साखरभात. आचारी धोंडंभट हात जोडून म्हणायचे, "महाराज, आज जरा पिठलं टाकू का?"

राजा मान हलवायचा. "तिच्या हातची तेवढीच चव जिभेवर राहिली आहे, भटजी. वर दुसरं काही खाल्लं तर पुसून जाईल."

धोंडंभट डोळे पुसायचे आणि साखर मोजायला जायचे.

मग एकदा काय झालं, सकाळी राजा उठला आणि पाय खाली टाकायला गेला, तर पाय हलेनात. एवढ्यात पांघरुणातून आवाज आला. घुर्रर्र… घुर्रर्र…

वेणू अशी दचकली की हातातली बाहुलीच पडली. राजानं पांघरूण सारलं. बघतो तर काय, त्याचे पायच घोरत होते! उजवा जोरात आणि डावा हळू. हसू नका, राजाला काही हसू येत नव्हतं.

वैद्यबुवा आले. त्यांनी अंगठ्याला कान लावला. मोराचं पीस काढून तळव्यावरून फिरवलं. राजाला गुदगुल्याच होईनात. वैद्यबुवांनी पीस पगडीत खोचलं आणि म्हणाले, "महाराज, साखर अंगाई म्हणते. दिवसातून तीनदा, वर्षभर. बिचाऱ्या पायांनी जागं राहायचं तरी किती?"

"मग झोपू देत," राजा म्हणाला.

"झोप वर चढते, महाराज. आज घोटे झोपलेत. मग गुडघे झोपतील, मग कंबर. आणि छातीपर्यंत पोचली की…" वैद्यबुवांचं लक्ष वेणूकडे गेलं. त्यांनी पगडी सारखी केली. पण वेणूला कळायचं ते कळलं. छाती झोपली की बाबा पुन्हा उठणार नाहीत.

तिनं राजाचं बोट घट्ट धरलं. "पायांना उठवायचं कसं, वैद्यबुवा?"

"ज्यांचे पाय दिवसभर जागे असतात ना, त्यांच्या घरचं अन्न आणायचं. आणि साखरभात बंद."

"ते जमायचं नाही," राजा म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

वेणू मुदपाकखान्यात जाऊन बसली. बसल्या बसल्या तिची नजर फळीवर गेली. फळीवर तीन वाट्या पालथ्या होत्या. एक पितळेची, एक मातीची, एक लाकडाची. राणी गेली तेव्हा गावागावातून लोकांनी राजासाठी जेवण पाठवलं होतं, त्यातल्या या वाट्या. राजानं काही खाल्लं नव्हतं, आणि वाट्या परत करायचं भान कुणालाच राहिलं नव्हतं. राणीचा तर नेम होता, कुणाच्या घरून आलेली वाटी रिकामी परत पाठवायची नाही. चार दाणे का होईना, घालून द्यायचे.

"धोंडंभट, ही पितळेची वाटी कुणाची?"

"माळावरच्या ठकूबाई धनगरणीची. दिवसभर मेंढरांमागं चालते."

"आणि मातीची?"

"नदीकाठच्या चंद्राक्का कुंभारणीची. पायानं चिखल तुडवते, सकाळपासून."

"आणि ही लाकडाची?"

धोंडंभटांनी वाटी पुसून तिच्या हातात दिली. "ही तुझ्या मावशीची, बाळ. डोंगरावर राहते. रोज चढउतार."

वेणू उठून उभी राहिली. दिवसभर जागे असणारे पाय! तिनं पितळेच्या वाटीत साखरभात भरला, वर फडकं बांधलं आणि माळाची वाट धरली.

ठकूबाई उभ्या उभ्या घोंगडी झटकत होती. "आगं बया! राजाची ल्येक माज्या माळावर? आन् वाटी बी भरून आनलीस? आईवर ग्येलीस गं." वेणूनं सगळं सांगितलं. ठकूबाईनं चुलीवरून मडकं उतरवलं आणि वाटीत हुलग्याचं माडगं ओतलं. कुळथाच्या पिठाचं तपकिरी, दाट कढण, वर लसणाची फोडणी.

आता राजवाड्यात अशी रीत होती की राजाच्या ताटात जाणारा पदार्थ आधी घरच्या माणसानं चाखायचा. आधी राणी चाखायची, आता वेणूवर पाळी. पण वेणूनं आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. माडगं बुडबुड करत होतं आणि प्रत्येक बुडबुड्याला ती दचकत होती. जवळ बाबांचं बोट नव्हतं. मग तिनं काय केलं? शेजारच्या मेंढीचा कान धरला, डोळे मिटले आणि एक घोट घेतला.

गरम घोट पोटात उतरला. काही वाईट झालं नाही. मेंढी म्हणाली, "ब्याऽ."

वेणू धावत घरी आली. पण धोंडंभटांच्या मनात आलं, महाराजांना गोडाची सवय, हे तिखटमिठाचं त्यांच्या घशाखाली कसं उतरणार? त्यांनी चांगल्या मनानं चार मुठी साखर घातली. राजानं घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. ना धड माडगं, ना धड खीर. साखरेनं पोटात जाऊन नवी अंगाई सुरू केली, आणि झोप गुडघ्यापर्यंत चढली. आता चार जण घोरायला लागले, दोन पाय आणि दोन गुडघे.

"मी भल्यासाठीच केलं हो!" धोंडंभट रडकुंडीला आले.

मग वेणू मातीची वाटी भरून नदीकाठी गेली. चंद्राक्का पदर खोचून चिखल तुडवत होती. थप थप, थप थप. तिनं हात धुतले, दारातल्या शेवग्याचा कोवळा पाला खुडला, कांदा नि मूठभर डाळ घालून भाजी परतली. हिरवीगार भाजी.

"पानं?" वेणू मागं सरकली. "ही तर शेळीनं खायची."

"शेळी कधी पाय दुखतात म्हणून बसलेली पाहिलीस का गं?" चंद्राक्का म्हणाली.

वेणूला हसू आलं. तिनं या खेपेला चंद्राक्काच्या गाढवाचा कान धरला. गाढवाचा कान लांब असतो, धरायला सोपा. डोळे मिटून एक घास खाल्ला. जरा कडसर लागला, मग छान लागला. तिनं दुसरा घास डोळे उघडे ठेवून खाल्ला.

घरी येताना मात्र वेणूनं एक चूक केली. तिला वाटलं, बाबा हिरवं पाहून नको म्हणतील. तिनं ताटात भाजी घातली आणि वरून साखरभाताचा पांढरापिवळा डोंगर केला. राजानं दोन घास खाल्ले, तिसऱ्या घासाला बोटांना पान लागलं. त्यानं ते उचलून पाहिलं. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"वेणू, तिच्या भातात लपवलंस?" एवढंच म्हणाला. ताट बाजूला सारलं आणि हंडीतला साखरभात मागवून तोच खात राहिला. झोप कमरेपर्यंत चढली.

त्या दिवशी वेणू पहिल्यांदा बाबांजवळ असूनही त्यांचं बोट न धरता बसली.

आता उरली लाकडी वाटी. पहाट फुटली तशी वेणू डोंगर चढायला लागली. पाचोळा वाजला, दचकली. माकडानं फांदी हलवली, दचकली. पण थांबली नाही. वर एक खोपटं होतं. दारात एक बाई जात्यावर काळसर दाणे दळत होती. तिनं मान वर केली, आणि वेणूला वाटलं, आईच बसली आहे.

"ये गं माझे बाये," मावशी म्हणाली. तिनं वेणूला मांडीवर घेतलं, वाटीवरचं फडकं सोडलं, आणि आतला साखरभात पाहून आधी हसली, मग रडली.

"तुला माहीत आहे का, तुझी आई या साखरभाताला किती घाबरली होती?"

"आई? घाबरली?"

"अगं, आम्ही डोंगरातली माणसं. नाचणी खाऊन वाढलो. लग्न होऊन ती राजवाड्यात गेली, ताटात पिवळाधमक भात आला. तिला वाटलं, याला हळद लावलीय की काय! पहिल्या माहेरपणाला आली तेव्हा सांगत होती, हसून हसून पुरेवाट. मग कसा खाल्लास म्हणून विचारलं, तर लाजली. म्हणाली, ते त्यांनाच विचारा."

मावशीनं नाचणीची भाकरी थापली. काळी भाकरी चुलीत टम्म फुगली. वेणूनं मावशीचं बोट धरलं आणि तुकडा मोडला. या खेपेला डोळे मिटायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.

खाली आली तर राजवाडा घोरण्यानं भरलेला. झोप बरगड्यांपर्यंत पोचली होती. राजाच्या पापण्या जड झाल्या होत्या. वैद्यबुवा दाराशी उभे होते आणि धोंडंभट खांबाला टेकून रडत होते.

वेणू पलंगावर चढली. लाकडी वाटी तिनं राजापुढं ठेवली. झाकलेली नाही, लपवलेली नाही.

"बाबा, ही नाचणीची भाकरी आहे. काळी आहे. यात साखर नाही. मला आधी भीती वाटली." मग तिनं विचारलं, "आईनं पहिल्यांदा साखरभात कसा खाल्ला?"

राजाच्या पापण्या जरा उचलल्या. कितीतरी दिवसांनी त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं.

"थरथरत होती. सगळे पाहुणे बघत होते. मी हळूच म्हटलं, माझं बोट धर. एक घास घे. नाही आवडला तर माझ्या हातावर टाक, मी कुणाला कळू देणार नाही."

"मग?"

"पहिला घास टाकला. दुसरा टाकला. तिसरा गिळला."

वेणूनं आपलं एवढंसं बोट पुढं केलं. दुसऱ्या हाताचा तळवा राजाच्या हनुवटीखाली धरला. "धरा बाबा. मी कुणाला कळू देणार नाही."

राजा तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं ते एवढंसं बोट धरलं आणि भाकरीचा तुकडा तोंडात घातला. चावला. वेणूच्या हातावर टाकला. वेणू दचकली नाही. दुसरा तुकडा घातला, तोही टाकला. धोंडंभटांनी श्वास रोखला. तिसरा तुकडा राजानं तोंडाशी नेला आणि थांबला. त्यानं तो नाकाशी धरला.

"हा वास," तो म्हणाला. "ती या घरात आली तेव्हा तिच्या पदराला हाच वास होता."

चव पुसली नव्हती, बरं का. उलट जुनी, विसरलेली राणीच त्याला भेटली. राजानं तिसरा तुकडा गिळला. मग चौथा मागितला.

एका घासानं काही पाय उठले नाहीत हं. मोठी झोप हळूहळू उतरते. रोज सकाळी डोंगरावरच्या पिठाची भाकरी, दुपारी शेवग्याचा पाला, दिवेलागणीला माडगं. धोंडंभट साखरेच्या डब्याकडे पाठ करून फोडणी घालायला शिकले. राजा कधी कधी तोंड वाकडं करायचा, मग वेणू आपलं बोट पुढं करायची. आधी कंबर जागी झाली, मग गुडघे, मग घोटे. सगळ्यात आळशी निघाला डाव्या पायाचा अंगठा. त्याला उठवायला महिना लागला.

तो उठला त्याच दिवशी राजानं लाकडी वाटीत मूठभर साखरभात भरला आणि मावशीची वाटी परत करायला स्वतः डोंगर चढला, आपल्या जाग्या पायांनी. वेणू बरोबर होती. वाटेत मोर ओरडला, तेव्हा राजाच दचकला, आणि वेणूनं त्याला बोट दिलं. तेव्हापासून राजवाड्यात साखरभात वर्षातून एकदा होतो, राणीच्या आठवणीच्या दिवशी. एक छोटी वाटी, सगळ्यांत वाटून.

तर असे राजाचे पाय जागे झाले आणि सगळी माणसं सुखानं चालली-फिरली. आता तुमचे पाय झोपू देत. उजवा झोपला? डावा? आणि तो आळशी अंगठा? ऐका, ऐका… घुर्रर्र…