सोमवारपासून बंद

“पण प्रिंटर बंद आहे, हे तुला सांगितलं कुणी?” यदुनाथबुवांनी विचारलं.

“कॉम्प्युटरनेच, बुवा. आणखी कोण सांगणार?”

श्रीकर वैतागला होता. पुण्यातली गलेलठ्ठ पगाराची नोकरी सोडून तो मठात आला, तेव्हापासून लेखनघरातला लिनक्सवर चालणारा संगणक त्याच्याच ताब्यात होता. यंत्रापुढे हात टेकायची त्याला सवय नव्हती. सकाळपासून त्याने प्रिंटरचा ड्रायव्हर तीनदा काढला, तीनदा बसवला. प्रिंटर ढिम्म.

छापायचं होतं एकच पत्र. त्यावर मठाचे प्रमुख म्हणून बुवांची सही हवी होती.

लेखनघरात पोथ्या टाइप करणाऱ्या हैबतीकाकांना तिथून काढून स्वयंपाकघरात धाडावं, असं ते पत्र होतं. “तोंडी नको, छापून आण. मग बघू,” असं बुवांनी काल सांगितलं होतं. सही झाली की हैबतीकाकांचं लेखनघर सुटणार होतं, कायमचं.

बुवा मठात येण्याआधी तीस वर्षं लिनक्सच्याच घराण्यातल्या युनिक्स यंत्रांवर काम करत होते. हे श्रीकरला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

बुवा प्रिंटरपाशी गेले. त्याच्या अंगावरचं बटण त्यांनी दाबून धरलं.

घरघर झाली. चाचणीचं पान बाहेर आलं. अक्षर न् अक्षर स्वच्छ.

“हा तर बोलतोय की!” बुवांना खरोखरच गंमत वाटत होती. “मग अडलंय कुठे?”

श्रीकरने ते पान उलटसुलट करून पाहिलं.

“कॉम्प्युटरला विचार बरं.”

श्रीकरने प्रिंटरची स्थिती विचारणारी आज्ञा दिली. पडद्यावर एक ओळ उमटली. सकाळपासून ती त्याने वीस वेळा तरी पाहिली असेल.

“हे बघा. प्रिंटर बंद.”

“पुढे वाच.”

“पुढे नुसती वेळ आहे.”

“वाच की.”

“प्रिंटर बंद... सोमवार, अकरा वाजून वीस मिनिटांपासून.”

“आज वार कोणता?”

“शनिवार.”

“सोमवारी काय झालं होतं?”

श्रीकरने डोकं खाजवलं. “माझा पाय अडकून मागची वायर निघाली होती. पण मी ती लगेच बसवली, बुवा!”

“ते कळलं का या कॉम्प्युटरला?”

“नाही... त्याने प्रिंटरला एकदा हाक मारली. ओ आली नाही, तेव्हा बंद म्हणून लिहून ठेवलं.”

“आणि नंतर?”

“नंतर...” श्रीकर पडद्याकडे बघत राहिला. “नंतर त्याने विचारलंच नाही.”

एवढंच होतं तर! त्याला आधी हसू आलं, मग स्वतःचीच लाज वाटली. ड्रायव्हर, सेटिंग, सगळं उचकून झालं होतं. अर्ध्या ओळीच्या पुढे मात्र तो गेला नव्हता.

प्रिंटर पुन्हा चालू धर, अशी एका ओळीची आज्ञा त्याने दिली.

प्रिंटर जागा झाला. पत्र बाहेर पडलं. मग दुसरं... मग तिसरं. सकाळपासून प्रत्येक खटपटीनंतर त्याने तेच पत्र नव्याने पाठवलं होतं, आणि ती सगळी आत रांग लावून थांबली होती. श्रीकर रांग पुसायला धावला.

“येऊ दे,” बुवा म्हणाले. “कधीची ताटकळलीत बिचारी.”

अकरा पत्रं आली.

बुवांनी चष्मा सारखा केला आणि वरचं पत्र मोठ्याने वाचलं. “‘श्री. हैबती यांना संगणकाचं काम जमत नाही...’ कधीपासून?”

“चैत्रापासून. अख्खा तिसरा अध्याय पुसला गेला त्यांच्या हातून! चाळीस दिवसांचं काम, बुवा. तो अध्याय अजून राहिलाच आहे.”

कार्तिक लागला होता, तरी श्रीकरचा राग ताजा होता. आणि तो खोटाही नव्हता.

“वाईट झालं,” बुवा म्हणाले. “आणि त्यानंतर?”

“त्यानंतर मी पासवर्डच बदलून टाकला.”

बोलून गेला, आणि श्रीकरची नजर पडद्यावरच्या त्या ओळीकडे गेली.

...

ओसरीच्या टोकाला हैबतीकाका बसले होते. चैत्रापासून ते रोज आंघोळ आटोपून येत, लेखनघराची टेबलं पुसत आणि काही काम निघेल म्हणून दुपारपर्यंत ओसरीवर बसून राहत. श्रीकर रोज त्यांच्यासमोरूनच आत जाई. आज खिडकीतून ते दिसले, तसा तो बुवांकडे वळला.

“मी पत्र मागे घेतो, बुवा.” त्याने हात पुढे केला. “द्या, फाडून टाकतो.”

बुवांनी पत्रं दिली नाहीत. टेबलावर आपटून त्यांनी गठ्ठ्याच्या कडा जुळवल्या आणि तो उलटा केला. कोरी बाजू वर आली. मठात कच्ची प्रत पाठकोऱ्या कागदांवरच काढायची रीत होती.

“चांगले अकरा पाठकोरे आहेत. हैबतीला नेऊन दे, नवा पासवर्डही सांग. म्हणावं, तिसरा अध्याय पुन्हा टाइप करायला घ्या, आणि कच्ची प्रत यांवर काढा.”

श्रीकरने गठ्ठा हातात घेतला. दारापर्यंत गेला... आणि परतला.

“पण बुवा, मागच्या बाजूला माझं पत्र आहे. ते वाचतील.”

“वाचेल ना. म्हणून तर तूच नेऊन दे.”