बोटं नाचवणारा कासार

एका गावात एक कासार होता. बांगड्या भरायला हात हलका, पण अक्कल बेताचीच.

बांगड्या पेंढ्यात ठेवाव्या लागतात. त्या पेंढ्यात उंदरांनी संसार मांडला. म्हणून कासारानं तेलिणीकडून मांजराचं पिल्लू आणलं. ते अजून आईला पीत होतं.

"राहू दे की थोडे दिवस आईपाशी, भावंडांत," तेलीण म्हणाली. ऐकतोय कोण!

घरी आणून ह्यानं काय करावं? बसल्या बसल्या पिल्लापुढं बोटं नाचवावी. पिल्लू झडप घालून बोट चावायचं, हा हसायचा. येईल त्याला दाखवायचा, "बघा माझा वाघ!"

बायको म्हणाली, "अहो, दात वाढतात त्याचे."

"वाढू देत. उंदीर काय हिरड्यांनी धरणार?"

दात वाढले. न वाढायला काय झालं?

लग्नसराईत सुताराची थोरली मुलगी हिरवा चुडा भरायला आली. बरोबर तिची आत्या, तोंडाची फटकळ. कासार मुलीचा पंजा दाबून बांगडी सरकवायला लागला. कोपऱ्यातून पिल्लानं पाहिलं, बोटं हलतायत. म्हणजे खेळ! थेट मुलीच्या अंगठ्यालाच चावलं. तिनं हात हिसकला, रक्त आलं, बांगडी वाढली. नवरीच्या बांगडीला फुटली म्हणत नाहीत. काही म्हणा, तुकडे झाले.

"ऊठ गं," आत्या म्हणाली, "पलीकडच्या गावातले कासार मेले नाहीत अजून."

त्या गेल्या. त्यांचं ऐकून बाकीची लग्नघरंही तिकडेच गेली.

कासारानं पिल्लाला चापट मारली. त्याला वाटलं, हात खेळायला आला. ते परत चावलं. मग टोपलीत कोंबून कासार तेलिणीच्या दारात.

"घे तुझं परत. जातच चावरी. नाही घेतलंस तर ओढ्यापलीकडं सोडून येतो."

ओढ्यापलीकडं मोकाट कुत्री. पिल्लाचं काय झालं असतं, सांगायला नको.

तेलिणीनं नुसतं अंगणात बोट दाखवलं. तिथं त्याच पिल्लाची भावंडं कुस्ती खेळत होती. एकानं दुसऱ्याचा कान जोरात चावला. दुसरं किंचाळलं आणि पाठ फिरवून चालू लागलं. चावणारं एकटंच बसलं. मग हळूच त्याच्या मागं खेळायला गेलं, पण आता दात न लावता.

"तुझ्या घरी हे चावलं, तेव्हा कोण किंचाळलं?" तेलिणीनं विचारलं.

कासारानं बोटं मुठीत लपवली.

"हसलास ना? मग ते म्हणालं, बरं केलं आपण."

कासारानं टोपली उचलली आणि घर गाठलं. दोरीला चिंधी बांधली. खेळायचं ते चिंधीशी. हाताला दात लागला की ओरडायचं आणि उठून जायचं. मारायचं नाही. पिल्लू लवकर शिकलं. कासारालाच वेळ लागला. बोटं आपोआप वळवळायची, मग काखेत दाबून बसायचा.

पुढच्या लग्नसराईत आत्या सुताराच्या धाकटीला घेऊन आली.

"तिकडचा कासार हात चेचतो, म्हणून आले. आधी ते मांजर बांध."

"मांजर कशाला बांधू? मी माझी बोटं बांधलीत."

चुडा भरायला लागला. मांजर आलं, मुलीचा हात हुंगला, आणि पेंढ्यातल्या उंदराकडं निघून गेलं. चुडा अख्खा भरला. आत्यानं आपलाही हात पुढं केला.

"मलाही भर चार. पण दात काढू नकोस."

तात्पर्य: ज्या खोडीवर आपणच हसलो, तिच्यासाठी मग काठी उगारू नये. हसणं वेळीच आवरावं. मांजराचं सांगितलं, पोरांचं तुम्ही समजून घ्या.