बाभळीचा गुडघा

"कुणीतरी आमच्या गुडघ्यात वाळवी सोडली आहे!"

रणधवल महाराज सिंहासनावरून थेट जमिनीवर आले होते आणि तिथूनच गर्जत होते. लढाईत त्यांचा एक पाय मांडीपासून गेला होता. शत्रूच्या तोफेने, असं ते सांगत. खरं तर त्यांच्याच हत्तीने पाय ठेवला होता. आता त्यांच्या लाकडी पायाचा गुडघा सारखा मोडे. या खेपेला त्यांनी तो घडवणाऱ्या केरबा सुताराला कोठडीतच टाकलं.

दुसऱ्या दिवशी केरबाची मुलगी सगुणा नवा गुडघा घेऊन दरबारात हजर.

"हा कशाचा?" महाराजांनी विचारलं.

"बाभळीचा. आत लोखंडी खीळ."

"बैलगाडीचं लाकूड? आम्हाला चंदनच लागतं!"

"चंदन देवाला ठीक आहे, महाराज. देवाला कुठे चालायचं असतं?"

महाराजांच्या मिशा थरथरल्या. "हा आम्हाला हयातभर पुरेल, हे आज सूर्यास्ताच्या आत सिद्ध कर. नाहीतर बापाला विसर."

सगुणाने हातातला गुडघा दोनदा वाकवून पाहिला. हयातभराचं वाकणं एका दिवसात आणायचं कुठून? तेवढ्यात महाराज शिंकले. अंताजीपंत कारभारी लगेच कमरेत लवले आणि मुजरा करून म्हणाले, "वा! काय भारदस्त शिंक!"

सगुणाचा चेहरा उजळला. "महाराज, दिवसभरासाठी पंतांची कंबर उसनी द्या."

तिने गुडघ्याचं एक टोक पंतांच्या पाठीला बांधलं, दुसरं मांडीला. पंत वाकले की गुडघा वाकणार. महाराज खोकले, मुजरा. महाराजांनी विडा तोंडात टाकला, मुजरा. मग महाराजांनाच गंमत वाटू लागली आणि ते मुद्दाम जांभया देऊ लागले.

सूर्य मावळला. महाराजांनी कान टवकारले. "अगं, हा तर कुरकुरतोय!"

"ती पंतांची कंबर," सगुणा पट्टे सोडत म्हणाली. "गुडघा ठणठणीत आहे. तुम्ही हयातभरात वाकणार नाही, तेवढे पंत जेवणाआधीच वाकले होते."

महाराज पोट धरून हसले. हसता हसता पुन्हा सिंहासनावरून घसरले. "सोडा केरबाला! पोरी, आणखी काय हवं?"

"लढाईत पाय गेलेल्या प्रत्येक शिपायाला असाच गुडघा. पडतात तेही, महाराज. फक्त त्यांना उचलायला दरबार नसतो."

महाराजांनी जमिनीवरूनच आपल्या लाकडी पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "दिला! पंत, हुकूम लिहा."

"लिहितो, महाराज," अजून वाकलेलेच असलेले पंत म्हणाले, "पण कागद जमिनीवर ठेवा. मला आता तेवढंच दिसतं."