उरलेल्या झेंडूचं बी

"...पण निवडणारा कोणी नसताना निवड होते कशी? आणि झाली, याला पुरावा काय?"

पुरुषोत्तमबुवांना उत्तर नको होतं. आदल्या दिवशीच्या प्रवचनात उत्क्रांतीची टर उडवून त्यांनी मंडपभर हशा पिकवला होता. माकडाचा माणूस होताना कोणाच्या आजोबांनी पाहिला, असं विचारून. आता गुरूंची शाबासकी तेवढी हवी होती.

म्हातारे रंगनाथस्वामी उठले. काठी टेकत ते मठामागच्या झेंडूकडे निघाले. बुवा परडी घेऊन मागोमाग गेले. पूजेची फुलं खुडण्याचा मान मिसरूड फुटल्यापासून त्यांचाच होता.

दोन वाफे शेजारी शेजारी होते. एकात बोराएवढी फुलं. दुसऱ्यात तळहात भरेल एवढी.

मोठ्यांना खत जास्त पडलं असेल, असं बुवा म्हणाले. स्वामींनी मान हलवली. माती तीच, शेणखत तेच, पाणी एकाच पाटाचं.

"मग बी वेगळं असणार."

"मूळ बी एकच. आपल्याच मठाचं."

स्वामींच्या गुरूंच्या काळी मठाचा झेंडू पंचक्रोशीत नावाजलेला होता. तेव्हा एका भाविक बाईनं मूठभर बी प्रसाद म्हणून घरी नेलं होतं. त्या घरी दरवर्षी सगळ्यात मोठी फुलं बियाण्यासाठी झाडावरच वाळू देत. यंदा तिच्या नातसुनेनं त्यातलं थोडं बी मठात आणून दिलं, आणि स्वामींनी ते मठाच्या बियाण्याशेजारी पेरलं.

"आणि आपल्याकडे?" स्वामींनी विचारलं.

बुवांनी हातातल्या परडीकडे पाहिलं.

मठात सगळ्यात मोठं फूल रोज देवाला जाई. त्यांच्याच हातानं. बारकी, वेडीवाकडी फुलं झाडावर राहत, वाळत, आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांचंच बी पेरलं जाई. वर्षानुवर्षं. फुलं लहान होत चालली तेव्हा त्यांनी आधी मातीला दोष दिला, मग कलियुगाला.

"बारकं फूल हवं, असं कधी मनात आणलं होतंस?"

"नाही, स्वामी..."

"कोणीच आणलं नव्हतं."

बुवांना मंडपातली हसणारी माणसं आठवली. पण त्याहून जास्त आठवली ती फुलं, एवढ्या प्रेमानं खुडलेली... एकही बी मागे न ठेवता गेलेली.

आत घंटा वाजू लागली. सवयीनं त्यांचा हात सगळ्यात टपोऱ्या फुलाकडे गेला आणि देठापाशी थबकला.

"मग आज काय वाहू?"

स्वामी वाकले. बोराएवढं एक फूल खुडून त्यांनी परडीत ठेवलं.

"उत्तम ते देवाला, हे तुला मीच शिकवलं, पुरुषोत्तमा... देवाला विचारायचं तेवढं राहून गेलं."