भोकाचा पैसा

एक होती राणी. सागुणा तिचं नाव. तिचं राज्य खाडीकाठी. मिठाचे ढीग, मिठाच्या टेकड्या, पण जोंधळ्याचा दाणा म्हणून नाही. जोंधळा पिकायचा पठारावर, भुजंगराव राजाकडे. पण तिथे सरपण नव्हतं, म्हणून लोक बिचारे पीठ पाण्यात कालवून प्यायचे. सरपण सगळं घाटात, रायाजी राजाकडे. तिथे चुली ढणाढणा पेटायच्या, पण वर शिजवायला काय? डोंबल!

एकदा काय झालं, राणीच्या लेकीने विचारलं, "आई, भाकरी फुगते म्हणजे काय होतं गं?" एवढी पोर मोठी झाली, आणि तिने भाकरी पाहिलेली नाही! राणीने तिथल्या तिथे नेम केला. घरोघरी भाकरी होईल तोवर मीठ तोंडात घालायचं नाही. मिठाच्या राज्याची राणी, आणि जेवायची अळणी, बरं का!

घाटमाथ्यावर एक पार होता. तिन्ही राज्यांच्या वेशी तिथे भिडायच्या. राणी तो घाट चढून गेली. दोन्ही राजांना बोलावून म्हणाली, "राजे, वेशींवरचे जकातनाके उठवू या." राजे कां कूं करायला लागले, पण ही बया पारावरून उठेचना. शेवटी तिघांनी करार केला. बेलभंडार उचलून शपथ घेतली आणि नाके उठले.

मग गाड्या निघाल्या. पण धान्य मोजायची पठारावरची पायली ही एवढी, आणि खाडीकाठची इवलीशी. भर बाजारात हमरीतुमरी, पागोटी उडाली! भरलेल्या गाड्या तशाच माघारी गेल्या. मग राणी पुन्हा घाट चढली. दुसरा करार झाला, पुन्हा बेलभंडार उचलला. तिन्ही राज्यांत पायली एकच झाली.

मग जोंधळा खपला. पठारावरचा व्यापारी खाडीकाठचे पैसे घेऊन खुशीत निघाला. वेस ओलांडली मात्र, कमरेला बांधलेला पैशांचा कसा वळवळायला लागला. सोडून बघतो तर काय, पैशांचे झाले बेडूक! टुणटुण उड्या मारत सगळे खाडीकडे पळाले. तिन्ही राज्यांच्या पैशांचं तेच. पैशावर ज्या राज्याचं तोंड, त्या राज्याकडेच तो पळायचा. हसताय काय? त्या बिचाऱ्याचं सगळं पीक गेलं. मग पुन्हा कोण कशाला गाडी जुंपतोय!

"आई, राहिलीच का गं आपली भाकरी?" लेकीने विचारलं.

"राहील कशी? मी आहे ना!"

मग राणी तिसऱ्यांदा घाट चढली. अळणी खाऊन थकलेली, काठी टेकत टेकत, पण चढली. म्हणाली, "राजे, आता तिघांचा मिळून एकच पैसा पाडू या."

"पाडू की!" भुजंगराव म्हणाला. "त्याच्यावर तोंड माझं!"

"तुमचं का? माझं!" रायाजी ओरडला.

राणीने आपला पैसा काढला. त्याच्यावर तिच्या आईचं तोंड होतं. आई गेल्यावर तिचा चेहरा तेवढाच उरला होता. राणीचा जीव तुटला. पण तिने लोहाराकडून हातोडा आणि जाड खिळा मागवला. डोळे पुसले आणि आईच्या तोंडावरच घाव घातला. पैशाला मधोमध गोल भोक पडलं.

मग तो पैसा तळहातावर धरून तिने वेस ओलांडली. दोघे राजे वाकून बघायला लागले. पैसा हलला नाही की डुलला नाही.

"अहो बाई, पण माझ्या मिशा!" भुजंगरावाने आपला पैसा मुठीत लपवला.

"मिशा तुमच्या तोंडावर शोभतात, राजे. पैशावर कशाला?"

रायाजी खो खो हसला. भुजंगरावालाही हसू फुटलं, आणि त्याने मूठ उघडली. तिसरा करार झाला. तिघांनी मिळून भोकाचा पैसा पाडायचा, एकट्याने कुणी पाडायचा नाही.

मग गाड्या लागल्या धावायला. घरोघरी भाकऱ्या झाल्या. सगळ्यात शेवटी राणीने आपल्या चुलीवर तवा ठेवला.

"आई, फुगली! फुगली!" लेक नाचायला लागली.

राणीने भाकरी मोडली, वर मीठ घेतलं आणि घास तोंडात घातला. तिला आईची आठवण आली. खूप रडली ती. मग डोळे पुसून दुसरा घास लेकीला भरवला.

तेव्हापासून तिन्ही राज्यांतले लोक पोटभर जेवले, सुखाने नांदले. बाळ्या, तुझ्या करदोट्याला भोकाचा पैसा आहे ना? तो कुठे पळत नाही हो. मूठ सोड आणि झोप आता.